नदीच्या मापाने बेतलेला देश

आमच्या घरी आजोबांच्या वेळचे एक नकाशांचे पुस्तक होते. दिवाळीच्या साफसफाईत ते माळ्यावरून खाली आले, की आम्हां भावंडांची झाडलोट तेथेच थांबे. त्यातल्या आफ्रिकेच्या नकाशात, पश्चिमेच्या टोकाशी, फ्रेंचांच्या जांभळ्या मुलुखात एक तांबडी अळी शिरलेली दिसे. छापताना शाई ओघळली असावी, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. पुढे कळले, की तो गॅम्बिया नावाचा देश आहे. ओघळ म्हणण्यातही माझे फारसे चुकले नव्हते. कारण तो देश म्हणजे एक नदी आणि तिचे दोन काठ, एवढेच.

पश्चिमेला अटलांटिक महासागर, बाकी तिन्ही बाजूंना सेनेगल. लांबी सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास, रुंदी जास्तीत जास्त पन्नासेक. क्षेत्रफळ आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडेसेच अधिक. नदी एकाची आणि तिच्या मागची शेतेकुरणे दुसऱ्याची, अशी ही उफराटी वाटणी झाली कशी?

इंग्रज या नदीत शिरले ते व्यापारासाठी. 1661 मध्ये त्यांनी नदीतल्या एका चिमुकल्या बेटावरचा किल्ला घेतला. 1681 पासून जवळच उत्तर तीरावर, आल्ब्रेडा येथे, फ्रेंचांची वखार होती. शतकाहून अधिक काळ हे दोघे शेजारी एकमेकांच्या नाकासमोर माणसांची खरेदीविक्री करीत राहिले. 1807 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, आणि 1816 मध्ये कॅप्टन अलेक्झांडर ग्रँट याने कोंबोच्या राजाकडून मुखावरचे बेट मिळवून तेथे तोफा बसवल्या, त्या गुलामांची गलबते अडवण्यासाठी! त्या तोफांच्या आश्रयाने वसलेले गाव बाथर्स्ट. 1973 मध्ये त्याचे नाव बांजुल झाले.

पण पुढे लंडनला ही वसाहत जड वाटू लागली. पीक म्हणावे तर भुईमुगाचे, आणि त्या शेंगांचा मोठा वाटा तेलासाठी जाई तो फ्रान्सला. (आपल्या चिवड्यातल्या शेंगदाण्याने एका देशाचे नशीब हलवावे, ही गंमतच.) तेव्हा गॅम्बिया फ्रेंचांना देऊन टाकावी आणि बदल्यात पश्चिम किनाऱ्यावरची त्यांची दुसरी ठाणी घ्यावीत, अशी बोलणी 1870 मध्ये आणि पुन्हा 1876 मध्ये झाली. घरातले जुने भांडे मोडीत द्यावे तसा प्रकार. बाथर्स्टमध्ये खळबळ उडाली. तेथे इंग्रज व्यापारी होते, तसेच गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेल्या माणसांची कुटुंबेही होती. त्यांनी विलायतेला अर्ज धाडले, तिकडच्या व्यापाऱ्यांनी आवाज उठवला, आणि बोलणी बारगळली. माझ्या मते गॅम्बिया या राष्ट्राचा पाळणा कोठे हलला असेल तर तो या अर्जांत. अर्थात नदीच्या वरच्या अंगाला भुईमूग काढणाऱ्या मँडिंका किंवा फुला शेतकऱ्याला या साऱ्याचा पत्ताही नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

सरहद्द ठरली ती 10 ऑगस्ट 1889 रोजी, पॅरिसमध्ये. नदीच्या दोन्ही काठांपासून दहा दहा किलोमीटर, वर यारबुटेंडापर्यंत, एवढे इंग्रजांचे. नदी जेथे वळते तेथे कंपास टेकून दहा किलोमीटरांचे कंस काढावे तशी रेघ वळवली. लोककथा अशी, की युद्धनौका नदीतून चालली आणि तोफेचा गोळा पडेल तेथवर हद्द धरली. कथा झकास आहे, पण खरी नाही. खरी हकीकत अधिक कोरडी: टेबल, नकाशा आणि मोजपट्टी. 1891 मध्ये मोजणीदार जाग्यावर आले, तेव्हा रेघ कोणाच्या गावातून, कोणाच्या सासरमाहेरामधून गेली हे लोकांना समजू लागले. दोन्ही बाजूंना तीच माणसे होती. तोच वोलोफ, तोच जोला, तोच फुला. पुढे एका बाजूची मुले शाळेत इंग्रजी गिरवू लागली, दुसऱ्या बाजूची फ्रेंच.

1960 पर्यंत नदीकाठच्या खेड्यांना मताचा अधिकारही नव्हता. तो बाथर्स्ट आणि त्याच्या लगतच्या वसाहतीपुरताच होता. तो मिळाल्यावर खेड्यातून आलेले, ग्लासगोत शिकलेले गुरांचे डॉक्टर दाउदा जवारा 1962 च्या निवडणुकीत जिंकले. एवढासा देश स्वतंत्र राहील कसा, ही शंका सर्वांनाच होती. संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ आले, सेनेगलशी जोडणीचे पर्याय त्यांनी मांडले. गॅम्बियाने ते ऐकून घेतले, सेनेगलशी करार केले, आणि 18 फेब्रुवारी 1965 रोजी वेगळाच झेंडा फडकवला. लोकसंख्या तेव्हा तीन लाखांच्या आसपास.

जोडणीचा प्रसंग आलाच, पण भलत्या वाटेने. 1981 च्या जुलैत जवारा युवराज चार्ल्स यांच्या लग्नाला लंडनला गेले असता मागे बंड झाले. सेनेगलच्या फौजांनी ते मोडले, आणि 1 फेब्रुवारी 1982 पासून ‘सेनेगांबिया’ असा संयुक्त संघ अस्तित्वात आला. अध्यक्ष सेनेगलचे, उपाध्यक्ष जवारा. रक्त एक, भाषा एक, नदी एक. संसार मात्र जमला नाही. सेनेगलला पूर्ण एकीची घाई होती, गॅम्बियाला आपण विरघळून जाऊ याची धास्ती. 1989 मध्ये संघ मोडला. जी रेघ परक्यांनी मोजपट्टीने ओढली, ती पुसण्याची संधी हाती असताना घरच्यांनीच ती जपली. याला हट्ट म्हणा, की आणखी काही. मला त्यात त्या 1870 च्या अर्जांचा आवाज ऐकू येतो.

शेजारधर्म मात्र संपला नाही. 19 जानेवारी 2017 रोजी, आधीचे अध्यक्ष निवडणूक हरूनही खुर्ची सोडीनात म्हणून, नवे अध्यक्ष अडामा बॅरो यांचा शपथविधी झाला तो सेनेगलच्या राजधानीत, डाकारमधल्या गॅम्बियाच्या वकिलातीत. 2019 च्या जानेवारीत फाराफेन्नीजवळ नदीवर पूल खुला झाला. त्याआधी सेनेगलच्या उत्तरेकडून दक्षिणेच्या कासामान्स प्रांतात जाणाऱ्या मालमोटारी तरीसाठी ताटकळत उभ्या असत. आता नदी काही मिनिटांत ओलांडता येते. पूल येण्याआधी एका चौकीवर कागद दाखवायचे, आणि पूल ओलांडून थोडे पुढे गेले, की पुन्हा दुसऱ्या चौकीवर.