अमरपट्टा लाभलेली रसायने

६ एप्रिल १९३८. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा सत्तावीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटांसाठी नवा वायू तयार करण्याच्या खटपटीत होता. टेट्राफ्लोरोएथिलीन वायूने भरलेल्या एका नळकांड्याची झडप उघडली, पण वायू बाहेर येईना. वजन करून पाहिले, तर नळकांडे भरलेलेच! मग वायू गेला कुठे? शेवटी नळकांडे करवतीने कापले. आत मेणचट पांढरी भुकटी होती. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या झाल्या होत्या. ही भुकटी तीव्र आम्लांना दाद देईना, उष्णतेलाही सहजासहजी जुमानेना. तिचेच पुढे टेफ्लॉन झाले.

योगायोगाने लागलेल्या शोधाचे उदाहरण म्हणून ही हकिकत आपण वर्गात सांगतो आणि तिथेच थांबतो. तिचा उत्तरार्ध मात्र अजून संपलेला नाही. तो सांगायचा तो एका विशेष कारणासाठी. 'निष्क्रिय' आणि 'निरुपद्रवी' हे दोन शब्द आपण नकळत एकाच अर्थाने वापरतो. हा इतिहास त्या दोन शब्दांतील अंतराचा आहे.

न तुटणारा बंध

कार्बन इतर मूलद्रव्यांशी जे एकेरी बंध करतो, त्यांत फ्लोरीनशी होणारा बंध सर्वांत बळकट. फ्लोरीनचा अणू लहान आणि इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवणारा. कार्बनच्या साखळीभोवती अशा अणूंचे कवच बसले, की आम्ल, अल्कली, जिवाणू, ऊन यांपैकी कोणालाही आत शिरकाव मिळत नाही. पाणी आणि तेल दोन्हीही या कवचाला चिकटत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात युरेनियम हेक्झाफ्लोराइड या अत्यंत क्षरणकारी वायूपुढे टिकणारे जोड आणि झडपा अणुबाँबच्या प्रकल्पाला हव्या होत्या. टेफ्लॉन तेथे उपयोगी पडले. १९५३ मध्ये थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत एका फ्लोरीनयुक्त द्रवाचे थेंब कॅनव्हासच्या बुटावर सांडले. काही केल्या तो डाग निघेना आणि त्या जागी पुढे मळही बसेना. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ यांनी त्यातूनच कापडावर डाग बसू न देणारा लेप तयार केला. नंतर न चिकटणारे तवे आले, तेल न शोषणारे कागद आले, इंधनाची आग विझवणारा फेस आला. या साऱ्या कुटुंबाला आज 'पीफास' म्हणतात. त्यात हजारो संयुगे आहेत.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. तव्यावरचे टेफ्लॉन हे प्रचंड रेणूंचे बहुवारिक आहे. त्याचा कपचा पोटात गेला तरी तो बहुधा तसाच बाहेर पडतो. तक्रार आहे ती प्रामुख्याने लहान रेणूंबद्दल. टेफ्लॉन तयार करताना 'पीफोआ' नावाचे आठ कार्बनांचे आम्ल साबणासारखे वापरले जाई. त्याचे एक टोक पाण्यात मिसळते आणि उरलेली साखळी फ्लोरीनच्या कवचात असते. लेपांच्या कारखान्यांतून येणारा 'पीफॉस' हा त्याचा भाऊबंद. हे रेणू पाण्याबरोबर दूरवर जातात आणि रक्तातील प्रथिनांना चिकटून राहतात. पीफोआचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला दोन ते चार वर्षे लागतात.

रक्तातला जास्तीचा फ्लोरीन

ही रसायने माणसाच्या रक्तात आहेत याचा पहिला सुगावा लागला तो एका न जुळणाऱ्या बेरजेतून. अमेरिकेत दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यावरून वाद चालू होता. त्या संदर्भात रॉचेस्टर विद्यापीठातील डोनाल्ड टेव्ह्ज रक्तातील फ्लोराइड मोजत होते. रक्तद्रव थेट तपासला तर फ्लोराइड कमी येई. तोच जाळून राख तपासली तर जास्त येई. एखाद्याने ही प्रयोगातील चूक मानून सोडून दिले असते. टेव्ह्ज यांनी १९६८ मध्ये लिहिले, की रक्तात फ्लोरीन दोन रूपांत आहे आणि त्यातले एक कार्बनशी घट्ट बांधलेले असल्याने जाळल्याशिवाय मोकळे होत नाही.

१९७६ मध्ये टेव्ह्ज, गाय आणि ब्रे यांनी पाच शहरांतील रक्तपेढ्यांमधले नमुने तपासले. नळाच्या पाण्यात फ्लोराइड कमी असो की जास्त, हे दुसरे रूप त्याच्याशी जुळत नव्हते. म्हणजे त्याचा उगम निराळा होता. चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने पाहिले तर त्याची खूण पीफोआसारखी निघाली. घरातील लेप आणि पॉलिश यांकडे त्यांनी बोट दाखवले.

त्यांनी १९७५ मध्येच थ्रीएमकडे विचारणा केली होती. पुढे न्यायालयीन खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसते, की रक्तात सापडलेला पदार्थ आपलाच आहे हे कंपनीच्या प्रयोगशाळेने त्याच सुमारास ओळखले होते. पण ते जाहीर झाले नाही. पीफॉसचे उत्पादन थांबवत असल्याची घोषणा कंपनीने केली ती २००० साली. मधली पंचवीस वर्षे विद्यापीठातल्या संशोधकांकडे प्रश्न होता आणि कारखान्याच्या कपाटात उत्तर.

ओहायो नदीच्या काठी

वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँट १९५१ पासून टेफ्लॉनसाठी पीफोआ वापरत होती. १९८४ मध्ये कंपनीने आसपासच्या गावांतील नळाचे पाणी गुपचूप तपासले. त्यात पीफोआ सापडले, पण गावकऱ्यांना कळवले गेले नाही. १९९८ मध्ये एक शेतकरी रॉबर्ट बिलॉट या वकिलाकडे गेला. कंपनीच्या कचरा-भरावाखालच्या ओढ्यावर पाणी पिणारी त्याची गुरे मरत होती. त्या खटल्यात मिळालेल्या कागदांच्या ढिगाऱ्यातून सारी हकिकत बाहेर आली.

२००४ च्या तडजोडीनुसार सुमारे ६९,००० रहिवाशांनी तपासणीसाठी रक्त दिले. तीन साथरोगतज्ज्ञांच्या मंडळाने अनेक वर्षे अभ्यास केला. २०१२ पर्यंत त्यांनी पीफोआचा सहा विकारांशी संभाव्य संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. हे विकार म्हणजे रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल, मोठ्या आतड्याचा व्रणदाह, थायरॉइडचे विकार, वृषणाचा आणि मूत्रपिंडाचा कर्करोग, तसेच गर्भारपणातील उच्च रक्तदाब. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने पीफोआ निर्मूलनाच्या यादीत घातले. २०२३ च्या अखेरीस जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ते 'कर्करोगकारक' ठरवले. २०२४ मध्ये अमेरिकेने पिण्याच्या पाण्यात पीफोआची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली.

४ नॅनोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर पाणी घ्या. त्यात सगळे मिळून १० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहून कितीतरी कमी.

व्हिचेंझाहून लोट्याला

ही परक्या मुलखाची गोष्ट म्हणून आपण ती सोडून देऊ शकलो असतो. पण तिचा एक धागा कोकणात येतो. इटलीत व्हिचेंझा प्रांतातील त्रिस्सिनो गावी १९६५ पासून फ्लोरीनयुक्त रसायनांचा एक कारखाना होता. मितेनी हे त्याचे नंतरचे नाव. २०१३ मध्ये कळले, की त्याच्या खालचे भूजल दूषित झाले आहे आणि ते पाणी तीन प्रांतांतील लाखो लोकांपर्यंत पोहोचले आहे. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने त्याच्याशी संबंधित अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. दरम्यान २०१९ मध्ये तेथील यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली. ती खेड तालुक्यातील लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आणून उभी करण्यात आली.

एवढ्यावरून आम्ही कोणावरही आरोप करत नाही. यंत्र तेच असले तरी सांडपाण्याची व्यवस्था निराळी आणि चांगली असू शकते. पण ती चांगली आहे हे ठरवायचे कशावरून? या संयुगांना रंग नाही, पाण्यात इतक्या कमी प्रमाणात वासही नाही. पाणी उकळून ती जात नाहीत. सक्रिय कोळसा किंवा व्यस्त परासरणाचा पडदा त्यांना अडवतो, पण नष्ट करत नाही. म्हणजे मोजणे हाच एक मार्ग उरतो. आणि पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात या रसायनांची मर्यादाच नाही. जे मोजण्याचे बंधन नाही, ते सहसा मोजले जात नाही.

मोजणेही सोपे नाही. हे विश्लेषण करताना नळ्यांच्या सांध्यांवरची टेफ्लॉनची फीत आणि बाटल्यांच्या झाकणांतले टेफ्लॉनचे अस्तर आधी काढून टाकावे लागते. नाहीतर आपलीच उपकरणे नमुन्यात भर घालतात. आम्ही प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी जो पदार्थ निष्क्रिय म्हणून विश्वासाने वापरला, त्याच्यावरच नजर ठेवायची वेळ आली.

तेव्हा पुढच्या वेळी प्लंकेटच्या नळकांड्याची गोष्ट वर्गात सांगाल, तेव्हा टेव्ह्जच्या न जुळलेल्या बेरजेचीही सांगा. टँकरचे गणित मुलांना फळ्यावर करू द्या. एखादा पदार्थ कशाशीही अभिक्रिया करत नाही असे कोणी म्हणाले, तर मुलांनी पुढचे दोन प्रश्न विचारले पाहिजेत: मग तो शेवटी जातो कुठे, आणि हे कोणी मोजून पाहिले आहे का?