पाणमांजराचे प्रजनन : नदीकाठाशी जोडलेले जीवनचक्र

पेडणे तालुक्यातील पार्से, आगरवाडा, चोपडे हा परिसर शापोरा नदीच्या खोऱ्यात येतो. ही नदी महाराष्ट्रात तिळारी या नावाने उगम पावून दोडामार्गमार्गे गोव्यात उतरते आणि अरबी समुद्रास मिळते. खारफुटी, खाजन शेती आणि मानशींनी नटलेल्या तिच्या पात्रातील महत्त्वाचा सस्तन प्राणी म्हणजे पाणमांजर. कोकणात त्यास ऊद किंवा हूद असेही म्हणतात. 'उदमांजर' हा शब्द मात्र झाडावर वावरणाऱ्या कांडेचोरासाठीही योजला जात असल्याने अनेकदा घोटाळा होतो. हे दोन्ही प्राणी भिन्न कुळांतील आहेत.

गोव्याच्या नद्यांत आढळणारे पाणमांजर हे गुळगुळीत केसांचे, म्हणजे 'लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा' या जातीचे होय. प्रौढाचे वजन साधारणतः ७ ते ११ किलो असते आणि नर मादीपेक्षा काहीसा मोठा असतो. मुंगूस दिसण्यात जवळचे वाटले, तरी पाणमांजराचे खरे नातलग म्हणजे युरोपात पाळले जाणारे फेरेट, वीझल आणि बिज्जू. हे सर्व 'मस्टेलिडी' कुळात मोडतात.

या कुळातील प्रजननसंस्थेची काही वैशिष्ट्ये समान आहेत. नराच्या शिश्नात अस्थी असते, तर मादीचे गर्भाशय द्विशृंगी, म्हणजे दोन शिंगांसारख्या फाट्यांचे असते. प्रजननाची रीत मात्र जातीनुसार बदलते. फेरेट मादीच्या बीजांडकोशातून बीजांड आपोआप सुटत नाही, त्यासाठी समागमाची उत्तेजना लागते. समागम न घडल्यास ती दीर्घकाळ माजावर राहते आणि वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे अस्थिमज्जा क्षीण होऊन प्राणघातक रक्तक्षय होऊ शकतो. तिचा गर्भकाळ सुमारे ४२ दिवसांचा असून एका विणीत सरासरी आठ पिल्ले होतात. उत्तर अमेरिकेतील नदी-पाणमांजरात फलित बीज कित्येक महिने गर्भाशयात न रुजता राहते, त्यामुळे समागम आणि प्रसूती यांत जवळजवळ वर्षाचे अंतर पडते.

आपल्याकडील पाणमांजराचा गर्भकाळ ६० ते ६३ दिवसांचा असतो. समागम पाण्यात होतो. जेथे पाऊस मोसमी आहे, तेथे विणीचा काळही पावसाशी निगडित असतो. भारतात पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत पिल्ले जन्मास येतात. मादी नदीकाठच्या बिळात, झाडांच्या मुळांखाली किंवा दाट झुडपांत प्रसूत होते. एका विणीत जास्तीत जास्त पाच पिल्ले होतात. जन्मतः ती अंध व पूर्णतः परावलंबी असतात. सुमारे दहा दिवसांनी डोळे उघडतात, तीन ते पाच महिन्यांत दूध सुटते आणि वर्षभरात पूर्ण वाढ होते. प्रजननक्षमता मात्र दोन ते तीन वर्षांच्या वयात येते. पोहणे त्यांस उपजत साधत नाही. ते कुटुंबात राहूनच शिकावे लागते. गुदग्रंथींचा गंध आणि काठावरील ठराविक विष्ठास्थळे ही कुटुंबांची परस्परांस खबर देण्याची साधने होत.

या जीवनचक्रातच जातीची दुर्बलता दडलेली आहे. विण लहान आणि वयात येणे उशिरा, त्यामुळे एक प्रौढ मादी गमावल्यास ती उणीव भरून येण्यास वर्षे लागतात. काठ पोखरणारा वाळू उपसा, खारफुटीची तोड, काँक्रीटचे बांध आणि अडकवणारी मासळीची जाळी यांची झळ प्रथम बिळास व पिल्लांस बसते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीस 'असुरक्षित' ठरविले आहे. २०१९ मध्ये 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तिची शिकार गुन्हा आहे.

काठावर एकटे पिल्लू दिसले, तरी ते टाकून दिलेले असेलच असे नाही. आई बहुधा शिकारीस गेलेली असते. त्यास उचलून घरी न आणता, दूर राहून वन खात्यास कळविणे हेच उचित ठरते.