भारतीय मानसोपचाराच्या इतिहासात कुटुंबाचे स्थान

प्रस्तावना :
मानसोपचार ही पाश्चात्त्य विद्या असून ती भारतात जशीच्या तशी आली, असा समज सर्वत्र आढळतो. क्रमिक पुस्तकांत फ्रॉइड, रॉजर्स, एलिस, बेक ही नावे ज्या क्रमाने येतात त्यामुळे तो अधिकच दृढ होतो. भारतातील विसाव्या शतकाचा अनुभव पाहता मात्र वेगळे चित्र दिसते. येथील मानसोपचाराला सतत भेडसावणारा प्रश्न अगदी व्यावहारिक होता : उपचार चालू असताना रुग्णाजवळ कोण असावे? फ्रॉइडच्या पद्धतीत खोलीत दोनच व्यक्ती असतात, नातेवाईक दाराबाहेर. भारतात हे दार फार काळ बंद राहू शकले नाही. ते का उघडले आणि उघडल्यानंतर काय घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कलकत्त्यातील आरंभ :
भारतात मनोविश्लेषणाचा पाया गिरींद्रशेखर बसू (१८८७–१९५३) यांनी घातला. ते पेशाने डॉक्टर. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाल्यावर त्यांनी तेथे शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये 'दमना'च्या संकल्पनेवर डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. हा प्रबंध त्यांनी फ्रॉइडला पाठविला व त्यातून पुढे अनेक वर्षे चाललेला पत्रव्यवहार सुरू झाला. १९२२ मध्ये पारशीबागान गल्लीतील त्यांच्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली.

बसू हे फ्रॉइडचे आज्ञाधारक शिष्य नव्हते. प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या विरुद्ध इच्छाही अबोध मनात वास करते, असा त्यांचा स्वतंत्र सिद्धांत होता. भारतीय पुरुष रुग्णांत स्त्री होण्याची इच्छा युरोपीय रुग्णांपेक्षा सहज उघड होते, असे त्यांनी १९२९ मध्ये फ्रॉइडला कळविले होते. गुरूला इतक्या स्पष्टपणे विरोध करणारे अभ्यासक त्या काळी युरोपातही थोडेच होते. तथापि बसूंचा हा वाद सिद्धांतापुरता होता. डॉक्टर आणि रुग्ण एवढीच उपचाराची चौकट त्यांनी कायम ठेवली आणि त्यामुळे या उपचाराचा लाभ प्रामुख्याने शहरी, शिक्षित व दीर्घकाळ खर्च पेलू शकणाऱ्या वर्गापुरताच राहिला.

कोठडीची व्यवस्था :
बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला मनोविश्लेषण नव्हे तर कोठडी आली. १९१२ च्या इंडियन ल्यूनसी ॲक्टनुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशाला मध्यवर्ती स्थान होते. १९२० मध्ये 'वेड्यांच्या इस्पितळां'चे नाव बदलून 'मनोरुग्णालये' झाले, पण उंच भिंती तशाच राहिल्या. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार संपूर्ण देशात मनोरुग्णांसाठी सुमारे १० हजार खाटा होत्या, म्हणजे साधारण ४० हजार लोकसंख्येमागे एक. एवढ्या थोड्या मनुष्यबळावर प्रत्येक रुग्णाला एकांतात तासभर वेळ देणे ही कल्पनाही हास्यास्पद ठरली असती.

अमृतसरचे तंबू :
या पार्श्वभूमीवर अमृतसर येथील मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात जे घडले ते विशेष महत्त्वाचे आहे. फाळणीनंतर लाहोरच्या मनोरुग्णालयातील शेकडो हिंदू व शीख रुग्ण १९५० मध्ये अमृतसरला आणण्यात आले होते. (सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेकसिंह' या कथेमागे हीच देवाणघेवाण आहे.) मुळात घरदार तुटलेले हे रुग्ण आणि अपुरे कर्मचारी अशी तेथील स्थिती होती. अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू उभारले आणि रुग्णाबरोबर नातेवाइकांनाही तेथे राहण्यास सांगितले.

या एका निर्णयाने तीन गोष्टी साधल्या. रुग्णाला खाऊ घालणे, न्हाऊ घालणे, त्याच्यावर लक्ष ठेवणे ही कामे घरच्यांनी उचलल्याने कर्मचाऱ्यांची उणीव काही अंशी भरून निघाली. आजार बरा होत असताना तो डोळ्यांसमोर पाहिल्याने भूतबाधा, शाप, पूर्वकर्म यांविषयीच्या नातेवाइकांच्या समजुती सैल झाल्या. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची : ज्यांनी बरे होणे पाहिले होते, ते रुग्णाला घरी घेऊन गेले. विद्यासागर रुग्ण आणि नातेवाईक यांना एकत्र बसवून आजाराविषयी बोलत आणि त्यासाठी धर्मग्रंथांतील कथांचाही आधार घेत. त्यांनी स्वतः लेखन फार थोडे केले. त्यामुळे या प्रयोगाची कीर्ती मुख्यतः सहकाऱ्यांच्या आठवणींतून पसरली, आणि भारतीय मानसोपचाराच्या इतिहासात त्याला मिळावयास हवी तेवढी जागा अद्यापही मिळालेली नाही. वेल्लोर व बंगळूर येथे पुढे कुटुंबासह राहण्याची सोय असलेले विभाग सुरू झाले.

सिद्धांताचा शोध :
प्रयोगामागून विचार आला. एन. सी. सूर्या आणि एस. एस. जयराम यांनी १९६४ मध्ये भारतीय परिस्थितीतील मानसोपचाराची चर्चा करताना, येथील रुग्ण आपले दुःख कुटुंबाच्या संदर्भातच मांडतो आणि उपचारकाकडून थेट आधाराची अपेक्षा ठेवतो, याकडे लक्ष वेधले. पंजाबीतील मान्यवर कवी असलेले मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-शिष्य नात्याचा एक उपचारात्मक आदर्श म्हणून विचार मांडला. पाश्चात्त्य उपचारकाला रुग्णाचे परावलंबन हा दोष वाटतो. नेकींच्या मते भारतीय समाजात परावलंबन हे नात्याचे स्वाभाविक रूप असून उपचारकाने त्यापासून पळू नये. हा विचार आकर्षक आहे, परंतु गुरूची सत्ता प्रश्नातीत ठरण्याचा धोकाही त्यातच दडलेला आहे.

मुंबईत के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एन. एस. वाहिया आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान या पातंजल योगातील पायऱ्यांवर आधारित उपचारपद्धती त्यांनी १९६६ पासून शोधनिबंधांद्वारे मांडली. विशेष म्हणजे परंपरेच्या गौरवावर न थांबता त्यांनी अपूर्ण उपचार घेणाऱ्या रुग्णांशी तुलना करून परिणाम तपासले. येथे आधार नातेवाइकांचा नव्हे, रुग्णाच्या स्वतःच्या अभ्यासाचा होता.

ज्यांना घर नाही :
कुटुंबावर भिस्त ठेवणाऱ्या सर्वच विचारांत एक गृहीतक न तपासता राहून गेले : प्रत्येक रुग्णाला परत नेणारे घर आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. ते साखळदंडांनी बांधलेले असल्याने पळू शकले नाहीत. अशा ठिकाणी रुग्णांना आणून सोडणारे बहुधा त्यांचेच नातेवाईक असत. अमृतसरच्या तंबूतले कुटुंब आणि एरवाडीतील साखळीमागचे कुटुंब एकाच समाजातील आहे. उपचाराची सोय, माहिती आणि पैसा यांचा अभाव असला की पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. त्यामुळे दोष केवळ नातेवाइकांच्या निष्ठुरतेला देणे हे अर्धसत्य ठरते.

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात आला. त्याचा भर दाखल करणे, ठेवणे आणि सोडणे यांच्या कार्यपद्धतीवरच राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र हे गृहीतक प्रथमच नाकारले. कुटुंब नाही किंवा ते स्वीकारत नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे त्याचे कलम १९ सांगते. अशा व्यक्तींसाठी समाजात राहण्याची सोय उभारण्याची जबाबदारी त्याने शासनावर टाकली. ही सोय किती अपुरी होती हे २०२१ मध्ये महाराष्ट्रातच दिसून आले. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहे व वृद्धाश्रमांत हलविले जात असल्याचे समोर आल्यावर, ही पद्धत तत्काळ थांबविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या जुलैमध्ये राज्य शासनाला दिला.