एका पाखराचे उसने नाव

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, पैनगंगेच्या अलीकडच्या काळ्या जमिनीच्या मुलखात, बेला हे गाव आहे. नदीपलीकडे महाराष्ट्र आहे आणि अलीकडे तेलंगण. परंतु बाजारात आणि शेतात जितकी तेलुगू ऐकू येते, तितकीच मराठीही कानी पडते. या भागातील पऱ्हाटीच्या शेतांतून, तुरीच्या ओळींतून आणि धुऱ्यावरच्या गवतातून एक चिमुकले पाखरू अखंड बोलत असते. आकाराने ते चिमणीहून लहान. शेपटी मात्र अंगाच्या मानाने लांब आणि बहुधा उभारलेली. झुडपाच्या शेंड्यावर बसून ते एकच स्वर पुन:पुन्हा काढते, आणि उडताना पंखांतून बारीक ठिणग्या तडतडाव्यात तसा आवाज करते. मराठीत त्यास वटवट्या म्हणतात. वर्गात गप्प न बसणाऱ्या मुलासही आपल्याकडे हेच विशेषण मिळते. पाखरावरून ते मुलास मिळाले की मुलावरून पाखरास, हा वाद न घातलेला बरा. दोघांचाही गुण एकच आहे.

याच वटवट्यास इंग्रजी ग्रंथांत शंभराहून अधिक वर्षे ‘रेन-वॉर्ब्लर’ असे नाव होते. त्यातील ‘वॉर्ब्लर’ म्हणजे किलबिल करणारा, एवढे समजण्यासारखे आहे. प्रश्न आहे तो ‘रेन’चा. रेन हा पक्षी दख्खनमध्ये कोठेही नाही. बेल्याच्या शेतात नाही, पुण्याच्या माळावर नाही, सह्याद्रीच्या जंगलातही नाही. जो पक्षी या भूमीवर कधी उतरलाच नाही, त्याचे नाव येथल्या पाखरास कसे चिकटले, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्रथम त्या खऱ्या रेनची ओळख करून घेतली पाहिजे. रेनकुळातील ऐंशीहून अधिक जाती एक अपवाद वगळता सर्वच्या सर्व अमेरिका खंडातल्या आहेत. तो एक अपवाद युरोपात आणि आशियाच्या थंड प्रदेशांत पसरला आहे, आणि भारतात तो फक्त हिमालयाच्या उंच भागात आढळतो. वजन सुमारे दहा ग्रॅम. गोल, तपकिरी, आखूड शेपटी ताठ उभी केलेला. त्याचे शास्त्रीय नाव ‘ट्रोग्लोडायटिस’, म्हणजे गुहेत राहणारा. कपारीत, बिळासारख्या जागेत शिरण्याच्या सवयीवरून ते पडले आहे. नर एकाच हंगामात अनेक घरटी बांधतो आणि मादी त्यांतले एक पसंत करून त्यास आतून पिसांचे अस्तर लावते. आवाज असा खणखणीत, की एवढ्याशा देहातून तो निघतो यावर विश्वास बसू नये.

युरोपच्या लोककथांत या पाखरास राजपद मिळाले आहे. सर्वांत उंच उडेल तो राजा, असे पक्ष्यांनी ठरविले. गरुड सर्वांच्या वर गेला, आणि तो थकताच त्याच्या पिसांत दडून बसलेला रेन बाहेर पडून हातभर आणखी वर उडाला. म्हणून जर्मन भाषेत त्याचे नाव ‘त्साउनक्योनिग’, म्हणजे कुंपणाचा राजा. परंतु या राजाचा मान फारसा सुरक्षित नव्हता. आयर्लंडमध्ये आणि मॅन बेटावर २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, संत स्टीफनच्या सणास, मुले रेनची शिकार करीत आणि मेलेले पाखरू काठीस बांधून दारोदार पैसे मागत. लपलेल्या संताचा ठावठिकाणा याच पाखराच्या कलकलाटाने शत्रूस कळला, अशी दंतकथा त्यासाठी सांगितली जाई. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात संत स्टीफन उघड न्यायसभेपुढे उभा राहतो, आणि त्याच्या दगडमाराच्या वृत्तांतात पाखराचा मागमूसही नाही. मुलांना शिकारीसाठी निमित्त हवे होते, इतकेच. आता तेथे गवताचे किंवा कापडाचे पाखरू मिरवितात. पुढे इंग्लंडच्या सर्वांत हलक्या नाण्यावर, म्हणजे पेनीच्या चौथ्या हिश्शाच्या फार्दिंगवर, १९३७ पासून १९५६ पर्यंत याच रेनचे चित्र होते. सर्वांत लहान नाण्यास अगदी लहान पाखरू, ही निवड समर्पक म्हटली पाहिजे.

अशा देशातून आलेली माणसे दख्खनमध्ये पक्षी पाहू लागली. त्यांत पहिले महत्त्वाचे नाव विल्यम हेन्री साइक्स याचे. हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८१७ साली खडकीस पेशव्यांच्या फौजेशी जी लढाई झाली, तीत तो होता. पुढे १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यास दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. ज्या मुलखात तलवार घेऊन आला, त्याच मुलखात तो आता वही घेऊन हिंडू लागला. गावे, पिके, वजने-मापे, पाऊस, मासे, जनावरे, पाखरे, सर्व काही त्याने नोंदविले. त्याने तयार केलेली दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाली, आणि तीत विज्ञानास नव्या अशा पन्नासाहून अधिक जाती होत्या. ओढ्याकाठी एका पायावर ध्यान लावून उभा राहणारा आपला वंचक बगळा त्यांपैकीच एक. आणि त्याच यादीत आपले दोन वटवटे आहेत: राखी वटवट्या आणि साधा वटवट्या.

पहिल्यास साइक्सने ‘प्रिनिया सोशियालिस’ म्हटले, म्हणजे सोबतीने राहणारा. दुसऱ्यास ‘प्रिनिया इनॉर्नाटा’, म्हणजे अलंकार नसलेला. यातील ‘प्रिनिया’ हा शब्द लॅटिनही नाही आणि ग्रीकही नाही. तो जावा बेटावरचा आहे. टॉमस हॉर्सफील्ड या अमेरिकन वैद्याने जावातील पक्ष्यांचा अभ्यास करताना तेथील लोकांच्या तोंडचे नाव उचलले आणि १८२१ साली ते या प्रजातीस दिले. म्हणजे जावाच्या शेतकऱ्याचा शब्द साऱ्या जगाच्या विज्ञानात जाऊन बसला.

मराठी शब्दाच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. साइक्सचे कान मराठीस बंद होते असेही म्हणता येत नाही. दख्खनच्या रानकुत्र्याचे वर्णन करताना त्याने मराठ्यांचे ‘कोळसून’ हे नाव आवर्जून नोंदविले आहे. पण तेथेही शास्त्रीय नाव देताना त्याने ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, असे प्रदेशाचे नाव वापरले. कोळसून टीपेपुरताच राहिला. हॉर्सफील्डने जे केले, ते साइक्सही करू शकला असता. एका निर्णयाने एक शब्द अमर होतो आणि दुसरा खेड्याच्या वेशीतच राहतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

इंग्रजी नावाची कामगिरी टॉमस जर्डन याची. हा मद्रास सरकारच्या लष्करात वैद्य होता. त्या वेळच्या निजामाच्या राज्यातील जालन्याचा उल्लेख त्याच्या लिखाणात वारंवार येतो. ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ हा त्याचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला. छावण्यांतील इंग्रज अधिकाऱ्यास लॅटिन नावे नकोशी वाटत. त्याच्यासाठी प्रत्येक पाखरास सोपे इंग्रजी नाव हवे होते. मग जे लहान, झुडपात लपणारे, शेपटी उभारणारे आणि आवाजाने मोठे, त्यास घरच्या कुंपणावरच्या रेनची उपमा मिळाली. वटवट्यांची सारी जमात ‘रेन-वॉर्ब्लर’ झाली. जर्डनने अनेक पक्ष्यांची हिंदी आणि तेलुगू नावेही टिपून ठेवली आहेत, हे त्याच्या श्रेयाचेच आहे. परंतु मथळ्यावर राहिली ती घरची आठवण. परदेशात राहणाऱ्या माणसास ओळखीचे काही दिसल्याखेरीज चैन पडत नाही. याच ओढीने ऑस्ट्रेलियात ‘फेअरी-रेन’ झाले, न्यूझीलंडमध्येही ‘रेन’ झाले, आणि आपल्या ईशान्येकडील जंगलात ‘रेन-बॅब्लर’ झाले. यांपैकी एकही खऱ्या रेनच्या कुळातला नाही. साइक्स आणि जर्डन हे दोघेही १८७२ च्या जून महिन्यात, चार दिवसांच्या अंतराने, इंग्लंडमध्ये मरण पावले.

या नामकरणात घोटाळेही पुष्कळ झाले. साध्या वटवट्याची शेपटी हिवाळ्यात लांब आणि पावसाळ्यात आखूड असते व पिसांचा रंगही ऋतूप्रमाणे पालटतो. त्यामुळे एकाच पाखरास एकोणिसाव्या शतकात काही काळ दोन निराळ्या जाती समजण्यात आले. बारा महिने शेतात राबणाऱ्या माणसास विचारले असते, तर हा घोळ कदाचित लवकर मिटला असता.

रेन हे नाव माणसांतही फिरत राहिले. आपल्याकडे कावळे, घारे अशी आडनावे आहेत, तसेच इंग्रजांत रेन हे आडनाव आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडनचे सेंट पॉल मंदिर नव्याने उभारणारा वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर रेन होता. भारतातील विद्यार्थ्यांना मात्र दुसराच रेन परिचयाचा आहे. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन १९०३ साली भारतीय शिक्षण सेवेत आला, आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला. १९१७ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पुढे फ्रेंच परदेशी सैन्यावरील ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या कादंबरीने तो जगप्रसिद्ध झाला. पण या देशात त्याचे नाव टिकले ते एच. मार्टिन यांच्यासह लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणामुळे. १९३५-३६ च्या सुमारास मुंबईहून निघालेले ते पुस्तक आजही विकले जाते. कर्तरी-कर्मणी प्रयोगांनी घाम फोडणारा हा ‘रेन’ म्हणजे मुळात एक पाखरू, हे त्या पुस्तकावर रात्री जागविणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल?

ब्रिटिश आरमारात १९१७ साली स्त्रियांचे दल स्थापन झाले. त्याच्या आद्याक्षरांवरून त्यातील स्त्रियांना ‘रेन’ म्हणू लागले. हे दल १९१९ मध्ये मोडले, १९३९ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि १९९३ मध्ये मुख्य आरमारात विलीन झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच धर्तीवर भारतीय आरमारातही स्त्रियांची शाखा निघाली. पांढऱ्या साडीच्या गणवेशातील कल्याणी सेन ही त्यातील अधिकारी स्त्री १९४५ मध्ये इंग्लंडची पाहणी करून आली. नामसादृश्याचा हा धागा असा कुंपणावरून थेट समुद्रापर्यंत पोहोचतो.

पुन्हा बेल्याकडे वळावयाचे, तर या भागाची पाखरे पद्धतशीर पाहण्याचा प्रयत्न १९३१-३२ साली झाला. बेला तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. निजाम सरकारच्या साहाय्याने सलीम अली यांनी संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली आणि तिचे वृत्त मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९४१ च्या त्यांच्या ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्स’मध्येही वटवट्या ‘रेन-वॉर्ब्लर’ म्हणूनच आला. राज्य बदलले, पण पाखराचे नाव बदलले नाही. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात गेले; बेला आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमारेषा आखणाऱ्यांनी गावांच्या भाषा मोजल्या. ज्यांची भाषा अल्पसंख्य ठरली, त्यांच्या मुलांनी घरात एक शब्द, शाळेत दुसरा आणि परीक्षेत तिसरा असे शिकावे लागले. पाखराचीही तीच स्थिती झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी ग्रंथांनी ‘रेन-वॉर्ब्लर’ टाकून ‘प्रिनिया’ स्वीकारले, कारण हे पाखरू रेन नाही हे सर्वांस पटले होते. इंग्लंडची उपमा गेली आणि जावाचा शब्द आला. वटवट्या मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षीकोशा’सारख्या मराठी ग्रंथांतच राहिला.

आता त्याच्या घरट्याविषयी. राखी वटवट्या पावसाळ्यात वीण करतो. दोन-चार पाने कोळ्याच्या जाळ्याने व कापसाच्या तंतूने शिंप्यासारखी शिवून तो त्यांची पिशवी करतो, आणि आत तकतकीत, विटेच्या रंगाची तीन-चार अंडी असतात. साधा वटवट्या गवताच्या बारीक पट्ट्या विणून लांबट खिसा तयार करतो आणि तो ज्वारीच्या किंवा उंच गवताच्या ताटास बांधतो. दोघेही पिलांस अळ्या आणि किडे भरवितात. पेरणीनंतर पऱ्हाटी गुडघ्याएवढी होते, तो आणि घरटी भरण्याचा काळ एकच. आणि फवारणीचा काळही तोच. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसांचा हिशेब निदान लिहिला गेला. ज्वारीचे क्षेत्र घटले, तिच्या जागी कापूस आणि सोयाबीन आले, रुंद धुरे नांगराखाली जाऊन अरुंद झाले. साध्या वटवट्यास खिसा टांगण्यासाठी लागणारे ताट आणि गवत त्या धुऱ्यांवरच असे.