अंदाजाचे ओझे : चांगला चालणारा डेटाबेस अचानक संथ का होतो?

समजा, एका बँकेचा रात्रीचा हिशेब रोज २० मिनिटांत उरकतो. एके रात्री मात्र तोच हिशेब पहाट झाली तरी संपत नाही. प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही बदललेले नसते, यंत्रे तीच असतात, माहितीही कालच्यापेक्षा फारशी वाढलेली नसते. डेटाबेस सांभाळणाऱ्या कोणत्याही अनुभवी प्रशासकाला हा प्रसंग ओळखीचा असतो. या कोड्याचे मूळ रिलेशनल डेटाबेसच्या जन्मातच आहे, आणि ते सोडवण्याच्या गेल्या पाच दशकांच्या प्रयत्नांत बेंगळुरू व मुंबई येथील प्रयोगशाळांचा वाटा मोठा आहे.

१९६० च्या दशकातील डेटाबेसमध्ये वाट शोधण्याचे काम प्रोग्रॅमरचे होते. कोणत्या नोंदीपासून सुरुवात करायची, तिच्यातील दुवा धरून पुढच्या नोंदीकडे कसे जायचे, हे सारे त्यानेच लिहायचे. चार्ल्स बाखमन यांनी १९७३ च्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात प्रोग्रॅमरला नावाड्याची उपमा दिली, ती याच अर्थाने. या पद्धतीत वेग प्रोग्रॅमरच्या हाती असे. पण माहितीची मांडणी बदलली की त्याचे सारे प्रोग्रॅम मोडत.

जून १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी वेगळी कल्पना मांडली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि वापरणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे. ‘कसे शोधायचे’ हे यंत्रणेने ठरवावे. गणिताच्या दृष्टीने ही कल्पना अतिशय देखणी होती. तथापि, वाट शोधण्याचे काम त्यामुळे संपले नाही, फक्त दुसऱ्याकडे गेले. प्रोग्रॅमरच्या खांद्यावरचे ओझे यंत्रणेच्या ज्या भागावर आले, त्याला पुढे ‘ऑप्टिमायझर’ हे नाव रूढ झाले.

हे ओझे पेलता येते, हे आयबीएमच्याच ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पाने दाखवून दिले. १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध आजच्या बहुतेक ऑप्टिमायझरांचा पाया मानला जातो. १० तक्ते एकमेकांशी जोडायचे असतील, तर ते एकापाठोपाठ एक घेण्याचे ३६,२८,८०० क्रम संभवतात. शिवाय प्रत्येक टप्प्यावर इंडेक्स वापरायचा की सगळा तक्ता वाचायचा, हाही प्रश्न असतोच. सेलिंजर यांच्या पद्धतीत लहान जोडण्यांची उत्तम उत्तरे आधी काढून त्यांवरून मोठ्या जोडण्यांची उत्तरे रचली जातात. प्रत्येक पर्यायाचा खर्च म्हणजे डिस्कवरून किती पाने वाचावी लागतील आणि किती नोंदी हाताळाव्या लागतील, याचा हिशेब. ज्याचा खर्च सर्वांत कमी, तो ‘प्लॅन’ निवडला जातो.

मात्र हा हिशेब प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी करायचा असतो. अमुक अट किती ओळी पूर्ण करतील, हे तेव्हा ठाऊक नसते; त्याचा अंदाजच बांधावा लागतो. पुरेशी आकडेवारी हाताशी नसेल, तर बरोबरीच्या अटीला एक-दशांश ओळी आणि ‘यापेक्षा मोठे’ अशा अटीला एक-तृतीयांश ओळी पात्र ठरतील, असे त्या निबंधात गृहीत धरले होते. एक-तृतीयांश या आकड्याला विशेष अर्थ नाही, अशी प्रांजळ कबुलीही लेखकांनी तेथेच दिली होती. पोस्टग्रेसक्यूएल या आजच्या लोकप्रिय डेटाबेसच्या मूळ संहितेत, अन्य माहिती नसताना वापरायचा तोच एक-तृतीयांश अजूनही आढळतो.

अंदाज कोठे घसरतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या देशव्यापी तक्त्यात दर १० ग्राहकांत एक महाराष्ट्रातील आणि दर ५० ग्राहकांत एक पुण्यातील आहे, असे समजू. ‘राज्य महाराष्ट्र आणि शहर पुणे’ अशी अट दिली, तर या दोन गोष्टी परस्परांशी निगडित आहेत हे सामान्य ऑप्टिमायझरला कळत नाही. तो दोन्ही प्रमाणे गुणतो आणि दर ५०० मध्ये एक ग्राहक मिळेल असे मानतो. पुण्यातला प्रत्येक ग्राहक महाराष्ट्रातलाच असल्याने खरा आकडा ५० मध्ये एक, म्हणजे दहापट मोठा असतो.

अशी चूक एका जागी थांबत नाही. एकेका जोडणीत अंदाज दुपटीने चुकला, तर ६ जोडण्यांनंतर तो ६४ पटींनी चुकतो. आयोआनिडिस आणि क्रिस्टोडुलाकिस यांनी १९९१ मध्ये गणिताने दाखवले की जोडण्यांची संख्या वाढते तशी ही चूक घातांकी गतीने वाढू शकते. २०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांविषयीच्या खऱ्या माहितीवर अनेक डेटाबेस तपासले. जोडण्या वाढल्या की सर्वांचेच अंदाज मोठ्या फरकाने चुकतात, असे त्यांना आढळले.

आरंभीच्या कोड्याचे एक नेहमीचे उत्तर येथे सापडते. ओळी थोड्या असतील तर एका तक्त्यातील प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या तक्त्यात शोध घेणे स्वस्त पडते. ओळी लाखांत असतील तर तीच पद्धत आत्मघातकी ठरते. आकडेवारी नव्याने गोळा झाल्यावर अंदाज सीमारेषेच्या या बाजूचा त्या बाजूला सरकतो, प्लॅन बदलतो आणि २० मिनिटांच्या कामाला रात्र पुरत नाही. प्रोग्रॅम तोच असतो. त्याची वाट मात्र बदललेली असते.

या अनिश्चिततेतूनच डेटाबेस प्रशासकाची कारागिरी आकाराला आली. ऑरॅकलने १९९२ मधील सातव्या आवृत्तीत खर्चाधारित ऑप्टिमायझर आणला, तरी अनेक प्रशासकांनी ठरावीक नियमांनी चालणारा जुना ऑप्टिमायझर दीर्घकाळ सोडला नाही. त्याची निवड नेहमीच चांगली नसे, पण ती आधी सांगता येत असे. रोगनिदानाची पद्धतही हळूहळू बदलली. मागितलेल्या पानांपैकी किती पाने डिस्कवर न जाता थेट स्मृतीतून मिळाली, या प्रमाणावर पूर्वी भिस्त असे. हे प्रमाण ९९ टक्के असले की सारे आलबेल, असा समज होता. पण स्मृतीतील तीच पाने विनाकारण कोटी वेळा वाचणारी सदोष क्वेरीही हे प्रमाण वाढवतेच. प्रमाण पाहण्याऐवजी ‘या कामाचा वेळ नेमका कशात गेला’ हे मोजावे, हा विचार १९९० च्या दशकात रुजू लागला. कॅरी मिलसॅप आणि जेफ होल्ट यांच्या २००३ मधील पुस्तकाने त्याला शिस्तबद्ध रूप दिले.

तरीही हे सारे उपचार दुखणे झाल्यानंतरचे होते. अंदाज चुकणारच असेल, तर नुकसान किती होईल हे आधी सांगता येईल का? या प्रश्नाकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा यांच्या गटाने लक्ष वळवले. २००५ मध्ये नवीन रेड्डी आणि हरित्सा यांनी व्यापारी ऑप्टिमायझरांच्या निवडींचे नकाशे काढले. अटींची निवडक्षमता थोडी थोडी बदलत न्यायची आणि प्रत्येक बिंदूवर निवडलेल्या प्लॅनला एक रंग द्यायचा, अशी ही रीत होती. काही क्वेरींच्या नकाशांत डझनांनी रंग उमटले, कोठे बेटे तर कोठे पट्टे दिसले. घनवादी चित्रांशी असलेल्या साम्यामुळे या साधनाला ‘पिकासो’ हे नाव मिळाले. शोधनिबंधात ऑप्टिमायझरांची खरी नावे न देता त्यांना सांकेतिक अक्षरे दिली होती.

पुढे २००७ मध्ये याच गटाने दाखवले की हा रंगांचा पसारा बहुतांशी अनावश्यक आहे. खर्चात जास्तीत जास्त २० टक्के वाढ मान्य केली, तर दाट नकाशेही साधारण १० प्लॅनांत बसवता येतात.

त्यापुढचे पाऊल अधिक धाडसी होते. २०१४ मध्ये अंशुमन दत्त आणि हरित्सा यांनी ‘प्लॅन बुके’ ही पद्धत मांडली. ज्या अटींचा भरवसा नाही, त्यांचा अंदाजच बांधायचा नाही, हे तिचे सूत्र. प्रथम १ एकक खर्चात काम संपेल असे मानून त्याला योग्य प्लॅन चालवायचा. काम संपले नाही तर तो थांबवून २ एककांचा, मग ४, ८, १६ असे पुढे जायचे. खरा किमान खर्च ८ एककांहून किंचित अधिक असेल, तर एकूण १+२+४+८+१६ म्हणजे ३१ एकके खर्ची पडतात; म्हणजे आदर्श खर्चाच्या चौपटीहून कमी. अज्ञात गोष्ट एकच असेल तर ही चौपटीची मर्यादा कधीही ओलांडली जात नाही, आणि कोणत्याही निश्चयात्मक पद्धतीला यापेक्षा चांगली हमी देता येत नाही. २०१६ मध्ये या गटाने आयबीएमच्या भारतातील संशोधकांसह अनेक अज्ञातांसाठीही आधीच सांगता येईल अशी मर्यादा सिद्ध केली. दोन अज्ञातांसाठी ती १० पट, तर तिनांसाठी १८ पट येते. क्षणार्धात संपणाऱ्या क्वेरीला हा खटाटोप परवडणार नाही. पण अंदाज हजारपट चुकू शकतो तेथे १८ पटींची खात्री मोलाची ठरते. हरित्सा यांना २००९ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

मुंबईत आयआयटीमध्ये एस. सुदर्शन यांच्या गटाने दुखण्याची दुसरी बाजू पाहिली. पुष्कळदा दोष ऑप्टिमायझरपर्यंत पोहोचतच नाही. तो प्रोग्रॅममध्ये दडलेला असतो. १ लाख ग्राहकांसाठी लूपमधून १ लाख क्वेरी पाठवल्या आणि प्रत्येकीच्या जाण्यायेण्यात १ मिलिसेकंद गेला, तरी १०० सेकंद केवळ प्रवासात जातात. प्रत्येक क्वेरी स्वतंत्रपणे निर्दोष असल्याने ऑप्टिमायझरला त्यात काहीच वावगे दिसत नाही. रवींद्र गुरवन्नवर आणि सुदर्शन यांनी २००८ मध्ये असे लूप आपोआप एकत्रित क्वेरीत बदलण्याचे नियम मांडले. याच गटात डॉक्टरेट केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. वापरकर्त्याने लिहिलेली फंक्शने क्वेरीतच विरघळवून टाकणारे त्यांचे आणि सहकाऱ्यांचे तंत्र एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये समाविष्ट झाले. ‘क्वेरीत फंक्शन वापरू नका’ हा प्रशासकांचा जुना सल्ला त्यामुळे अनेक ठिकाणी अनावश्यक झाला.

या इतिहासात प्रशासकाचे कौशल्य कमी महत्त्वाचे ठरत नाही. मात्र त्याचे स्वरूप उलगडते. कॉड यांनी वापरणाऱ्याला वाटेच्या चिंतेतून मुक्त केले, ती चिंता अंदाजावर सोपवली गेली, आणि अंदाज फसला की ती प्रशासकाच्या दारी येऊन उभी राहिली. म्हणूनच संथ क्वेरीपुढे बसलेल्या विद्यार्थ्याने नवा इंडेक्स किंवा अधिक स्मृती यांकडे धाव घेण्यापूर्वी प्लॅन उघडावा आणि प्रत्येक टप्प्यावर अपेक्षित ओळी व प्रत्यक्ष ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. जेथे हे दोन आकडे प्रथम एकमेकांपासून दूर जातात, तेथून तपास सुरू करावा.