रेशमाच्या नादात आणलेला पतंग

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा दिसली आणि काही महिन्यांतच आपल्या शिवारात पोचली. परकी कीड काय करते, ते आपण भोगतोय. अमेरिकेनं हे दीडशे वर्षांपूर्वीच भोगलंय, तेही जंगलातल्या एका पतंगामुळं.

एतियेन त्रूवेलो हा फ्रेंच चित्रकार बोस्टनजवळ मेडफर्डला राहायचा. रेशमाच्या अळ्या पाळायचा त्याला भारी नाद. १८६८-६९ च्या सुमारास त्यानं युरोपातून जिप्सी पतंगाची अंडी आणली. त्यातल्या काही अळ्या निसटल्या. कुणी मनावर घेतलं नाही.

या पतंगाची मादी पांढरी, पंख असून उडत नाही. खोडावर शेकडो अंडी घालते आणि वर स्वतःच्या पोटावरच्या केसांचं पांघरूण घालते. थंडी अंड्यातच निघते. वसंतात बारीक अळ्या धाग्याला लोंबकळतात आणि वाऱ्यावर उडत पुढच्या झाडावर जातात. ओकचा पाला सगळ्यात आवडीचा. मोठी झालेली अळी रात्री खाते, दिवसा सालीच्या फटीत लपते. वर्षाला पिढी एकच, म्हणून वीस वर्षं गाजावाजा झाला नाही. १८८९ ला मात्र मेडफर्डची झाडं निष्पर्ण झाली, घरांच्या भिंतींवर अळ्याच अळ्या.

१८९० ला राज्य सरकारनं मोहीम काढली. माणसं लावून अंडीपुंज मारले, खोडांना गोणपाटाचे पट्टे बांधून खाली लपलेल्या अळ्या वेचल्या. लेड आर्सेनेट हे जहाल विष याच मोहिमेत निघालं, पुढं कित्येक वर्षं सफरचंदाच्या बागांवर फवारलं गेलं. कीड कमी झाली तसं १९०० मध्ये सरकारनं पैसाच बंद केला. पाच वर्षांत पतंग आणखी लांबवर पसरला आणि मोहीम पुन्हा सुरू करावी लागली.

मग परदेशातून मित्रकीटक आणले. त्यातली एक परोपजीवी माशी तिथल्या देशी रेशीम पतंगांच्याही मुळावर उठली. १९८९ पासून एक बुरशी या अळ्या मोठ्या प्रमाणात मारू लागली, पण पतंग आजही तिथं आहेच.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. कीड दिसेनाशी झाली म्हणजे संपली असं धरायचं नाही, पाहणी चालूच ठेवायची. आणि बाहेरून रोपं, बियाणं किंवा मित्रकीटक आणताना आधी नीट चौकशी करायची. एकदा निसटलेली अळी परत डब्यात जात नाही.