अस्सल यंत्र आणि त्याची प्रतिकृति

भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट ज्याच्या कानीं नित्य पडतो, त्याला यंत्राची खरी किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांनीं मोडींत काढलेले माग या गांवानें विकत घेतले आणि वर्षानुवर्षें चालविले. यंत्र कोणाच्या नांवाचें आहे यापेक्षां तें बंद पडल्यावर किती वेळांत पुन्हां चालूं होतें, हा तेथला प्रश्न. विसाव्या शतकाच्या अखेरीस वैयक्तिक संगणकाविषयीं हाच वाद साऱ्या जगांत माजला. त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आपला ‘पीसी’ जाहीर केला. काम त्वरेनें उरकावें म्हणून तिनें बहुतेक सुटे भाग बाहेरून घेतले. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि मायक्रोसॉफ्टची कार्यप्रणाली इतरांसही विकत मिळण्याजोगी होती. कंपनीची खास अशी एकच वस्तु उरली. ती म्हणजे यंत्र सुरू होतांच त्याच्या अवयवांस कामास लावणारा ‘बायॉस’ नांवाचा छोटा प्रोग्राम. त्यावर तिचा स्वामित्वहक्क होता, आणि तो उतरून घेतल्याच्या आरोपावरून कांहीं कंपन्यांवर तिनें १९८४ सालीं दावे लावले. कॉम्पॅक कंपनीनें निराळी वाट धरली. बायॉस काय काय करतो याचें टिपण एका गटानें करावें, आणि मूळ मजकूर कधींही न पाहिलेल्या दुसऱ्या गटानें त्यावरून नवा लिहावा, अशी तिची रीति होती. तिचें यंत्र १९८३ सालीं विक्रीस आलें. पुढच्याच वर्षीं फीनिक्स कंपनीनें असाच बायॉस इतर कारखानदारांस विकण्यास काढला, आणि प्रतिकृतींचा पूर लोटला.

मग ग्राहकाला पहिला प्रश्न पडला तो असा, कीं अस्सलावर चालणारा प्रोग्राम नकलेवर चालेल काय? ‘लोटस १-२-३’ हा हिशेबाचा प्रोग्राम आणि ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा विमानाचा खेळ हे दोन्ही वेगासाठीं यंत्राच्या अवयवांशीं थेट व्यवहार करीत. त्यामुळें तेच कसोटीचे दगड ठरले. त्यांवर जें अडखळलें तें बाजारांतून उठलें.

टिकाऊपणाचा प्रश्न इतका सोपा नव्हता. यंत्र तापलें आणि निवलें कीं खोबणींतील चिपा हळूहळू वर सरकत. त्या अंगठ्यानें दाबून बसविल्या कीं निपचित पडलेलें यंत्र जागें होई. हा दोष अस्सलांतही होता आणि नकलेंतही. आय.बी.एम.च्या १९८४ च्या ‘एटी’ यंत्रांतील २० मेगाबाइटच्या डिस्का तर इतक्या नासल्या कीं त्यांची अपकीर्ति झाली. नांव मोठें, पण डिस्क बाहेरून घेतलेली! उलट, कांहीं स्वस्त प्रतिकृतींत वीजपुरवठ्याचे भाग हलके असत, आणि ४.७७ मेगाहर्ट्झऐवजीं ८ वा १० चा वेग मिळविण्याच्या हौसेपायीं चिपांवर ताण पडे.

एक भेद मात्र मूलगामी होता. मूळ पीसींत स्मृतीच्या आठ चिपांमागें नववी चीप पडताळणीसाठीं असे. एखादा आंकडा बिघडला कीं यंत्र काम थांबवून तसें पडद्यावर सांगे. १९९० नंतरच्या अनेक स्वस्त यंत्रांत ही नववी चीप गाळण्याची प्रथा पडली. यंत्र थांबेनासें झालें, परंतु चूक मुकाट्यानें हिशेबांत उतरूं लागली, तर ती दाखविणारा कोणी उरला नाहीं. या दोहोंत अधिक विश्वासू कोणतें म्हणावें?

भारतांत तर ही तुलना निराळ्याच पातळीवर झाली. आय.बी.एम. १९७८ सालीं देश सोडून गेली होती. ती १९९२ सालीं टाटांच्या भागीदारीनें परतली. दरम्यान नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक-धोरणानंतर येथें पसरला तो मुख्यतः प्रतिकृतींचाच संसार. एकीकडे नांवाजलेल्या देशी कंपन्यांचीं यंत्रें, दुसरीकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून बांधलेलीं. दुसरीं स्वस्त पडत, पण त्यांचा भरंवसा जुळणाऱ्याच्या हातावर असे.

भिवंडीसारख्या गांवीं या हाताची परीक्षा कठीण. हवेंत सुताचा तूस, आणि त्यांत विजेचा लपंडाव. शहराचें वीजवितरण २००७ सालीं टॉरंट पॉवरकडे सोपविण्यांत आलें; तत्पूर्वीं भारनियमन हें तेथल्या कारखानदाराचें नित्याचें दुखणें होतें. आरंभींच्या अनेक डिस्कांचें वाचकशीर्ष वीज जातांच सुरक्षित जागीं आपोआप परतत नसे. तें जेथें असेल तेथेंच तबकडीवर टेके, आणि खालची नोंद धोक्यांत येई. तेथें मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. नोंद पुसली तर झळ यंत्राच्या मालकापेक्षां त्या मजुराला आधीं लागणार.

प्रतिकृतीनें संगणक लहान पेढीच्या आवांक्यांत आणला, हें तिचें श्रेय निर्विवाद आहे. परंतु स्वस्ताईंत जें वांचलें तें कोठून वांचलें, हें विचारण्याचें काम तिनें घेणाऱ्यावर टाकलें. तूस झाडणारा, विजेची सोय पाहणारा आणि रोजच्या नोंदीची दुसरी प्रत ठेवणारा व्यापारी साध्या यंत्रावरही निर्धास्त राही. तें न करणाऱ्याला अस्सलाचें नांवही तारीत नसे.